जतनाय (कोंकणीत काळजी, सांभाळ) : कोविडच्या दिवसांत घरोघरी केलेल्या सेवेच्या आठवणी गोळा करतोय, मदत हवी

कुळागर

नमस्कार मंडळी. लिहिताना लांबलंय, सवडीने वाचा.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर आम्ही सहा जण गेल्या चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, एक काम करतोय. कोविडच्या दोन वर्षांत ज्यांनी घरात आजारी माणसांची उठबस केली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या आणि मग त्या गावातच, देवळाच्या सभामंडपात मांडायच्या. मी शाळेत ग्रंथपाल आहे. सोबत एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि माझी धाकटी जाऊ. हाताशी पैसे नाहीत आणि यातलं शिक्षण कुणाचंच नाही.

हे डोक्यात आलं ते आजीमुळे. आजी मानमोडीचं नाव घ्यायची, १९१८ ची साथ. तिच्या माहेरच्या घरात तिघं गेली, एवढंच तिच्यापर्यंत पोचलं होतं. त्या तिघांना शेवटचं पाणी कुणी पाजलं, त्यांच्याजवळ जायला कोण धजलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या नातवंडांपर्यंतही असाच नुसता आकडा पोचणार, हा विचार मला स्वस्थ बसू देईना.

२५ मार्च २०२० ला गोव्यात पहिले रुग्ण सापडले. एप्रिलात ते सगळे बरे झाले आणि आपण हिरव्या पट्ट्यात गेलो. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलला लागलेली बंदी, आणि २०२१ च्या मे महिन्यात प्राणवायूसाठी झालेले हाल. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलंय, उच्च न्यायालयाच्या आदेशांतही आहे. पेज कुणी शिजवली, दाराबाहेर पाटावर कुणी ठेवली, रात्री दोन वाजता उठून कुणी बोटाला ऑक्सिमीटर लावला, हे मात्र कुठे लिहिलेलं सापडत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसं म्हातारी होत चाललीत.

अडचण अशी की ती माणसं बोलत नाहीत. ज्या बाईने तीन आठवडे सासऱ्यांचं सगळं काढलं, तिला विचारलं तर म्हणते, ‘हांवें कितें केलें? कांयच ना.’ मी काय केलं, काहीच नाही. आणि ती हे मनापासून म्हणते. घरातल्या माणसाची सेवा ही सांगायची गोष्ट आहे, असं तिला वाटतच नाही. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की जीभच टाळ्याला चिकटते.

एका घरी असंच झालं. बाई पन्नाशीच्या. एप्रिल-मे २०२१ मध्ये सासूला घरीच सांभाळलं होतं. वीस मिनिटं माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘हय’, ‘ना’, ‘देवान राखलें’. मी रेकॉर्डिंग बंद करून उठले, तर म्हणाल्या, चहा घेऊन जा. रांदचेकुडीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, दारामागे एका खिळ्याला जुनी कॅलेंडरं एकावर एक अडकवलेली होती. ही टाकली नाहीत का, असं मी सहज विचारलं. त्यांनी वरची सारून मे २०२१ चं पान काढलं.

प्रत्येक चौकोनात तिथीच्या खाली निळ्या बॉलपेनने दोन आकडे लिहिलेले. वरचा सकाळचा, खालचा रात्रीचा. ९६, ९५. ९४, ९४. ९१ भोवती पेन इतक्यांदा फिरवलेलं की कागद फाटलेला. त्याच चौकोनांत पेन्सिलीने दुधाचा हिशेब. १६ तारखेच्या घरात आकडा नाही, फक्त ‘लायट ना’. तौक्ते वादळ गोव्यावरून गेलं तो दिवस. सासूचं प्राणवायूचं यंत्र विजेवर चालायचं, वीज गेलेली. पण ऑक्सिमीटर तर सेलवर चालतो, मग आकडा का नाही? मी विचारलं. त्या चौकोनावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘पळोवपाक धीर जालो ना.’ बघायचा धीर झाला नाही.

मग त्यांनीच ‘चालू कर तें’ म्हणून माझ्या फोनकडे हात केला आणि तास-सव्वातास बोलत होत्या.

तेव्हापासून आम्ही आधी वस्तू विचारतो, आठवण मागाहून. आणि प्रदर्शनाची कल्पनाही तिथूनच आली. वस्तू टेबलावर मांडल्या तर बघायला येणारे आपापलं सांगायला लागतील, असं वाटतं. आता मला हवंय ते असं : रेकॉर्डिंग नीट टिकवायचं कसं, परवानगी कशी घ्यायची, आणि लिहून काढायचं कुठल्या भाषेत? बोलणं सगळं कोंकणीतून, गावातले फलक मराठीतून, आणि आमच्या वाड्यावरची दोन ख्रिस्ती घरं रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचतात.

मांडवीकाठ

कुळागरताई, कॅलेंडरचं वाचून काही वेळ पुढे वाचता आलं नाही.

कामाचं सांगतो. मी पणजीत जुन्या कागदपत्रांचं काम केलंय, त्यामुळे टिकवण्याबद्दल थोडं कळतं. फोनवर रेकॉर्ड करताय ते पुरेसं आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, जाड टॉवेलाची घडी घालून तिच्यावर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद. मे महिन्यात जिवावर येतं, पण पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. अ‍ॅपमध्ये वेव्ह फाइलची सोय असेल तर तीच निवडा, जागा जास्त खाते पण आवाज पूर्ण राहतो. त्याच दिवशी तीन प्रती करा : एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. आपल्याकडच्या दमट हवेत डिस्कला बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डब्यात ठेवा. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग तारीख, मग एक क्रमांक. माणसाचं नाव फाइलवर नको, ते वेगळ्या वहीत लिहा.

परवानगी दोनदा घ्या. एक रेकॉर्डिंगच्या आधी. दुसरी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवून झाल्यावर, प्रदर्शनासाठी. लोक बोलण्याच्या भरात घरातलं बरंच बोलून जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हुरहुर लागते. नाव घालू की नको, आवाज चालेल की फक्त लिहिलेलं, आणि ‘मला परत हवंय’ म्हणाल्यास आम्ही काढून टाकू, हे साध्या कोंकणीत वाचून दाखवा. सही येत नसेल तर त्यांचा होकारही रेकॉर्ड करा.

भाषेबद्दल माझं ठाम मत आहे. जे तोंडून आलं ते जसंच्या तसं देवनागरी कोंकणीत उतरवा, मराठी सारांश खाली. ‘धीर जालो ना’चं ‘धैर्य झालं नाही’ केलंत तर ती बाई त्यातून निघून जाते. ख्रिस्ती घरांसाठी रोमीत वेगळी प्रत काढा, त्यांच्यातल्याच कुणाकडून.

शब्दवेडा

मध्येच तोंड घालतो. शुश्रूषा हा शब्द ‘श्रु’ धातूवरून आलाय. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञा ऐकणं, मग सेवा, मग आजाऱ्याची सेवा. आणि तुमची ‘जतनाय’ ही आमच्या ‘जतन’ची सख्खी बहीण. तुम्ही जे करताय त्याला दोन्ही भाषांनी आधीच नाव देऊन ठेवलंय.

रात्रपाळी

मी नर्स आहे. कोविड वॉर्डात होते, कुठल्या ते लिहीत नाही.

तुमच्या यादीत घरचे लोक आहेत, तसे आम्हीही घ्या. मात्र आमच्याकडून रुग्णाची नावं, खाटेचे नंबर, तारखा मागू नका. ते आम्ही सांगूही शकत नाही. आम्हाला आमच्याबद्दल विचारा. पीपीई घातल्यावर सहा-सात तास पाणी प्यायचं नाही म्हणून पाळीआधी काय खायचो, हे विचारा. घरी गेल्यावर न्हाणीघराच्या मागच्या दाराने आत शिरायचो, लेकराने ‘आई’ म्हणून हाक मारली की भिंतीआडून ओ द्यायचो, हे विचारा. कपाळावर गॉगलचा वळ महिनाभर होता माझ्या. देवळात गेले तेव्हा लोक बाजूला झाले. तेही सांगेन, पण कॅमेऱ्यापुढे नाही, नुसत्या आवाजात.

आणि एक विनंती. ‘कसं वाटलं तेव्हा?’ हा प्रश्न नको. त्याला उत्तर नसतं. ‘पाळी संपल्यावर आधी काय करायचात?’ असा विचारा.

डिचोलीकर

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझी आई मे २०२१ मध्ये गेली. इस्पितळाच्या बाहेरच्या पायरीवर मी दोन रात्री काढल्या. आत काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं, पहाटे एकदम सांगितलं. तेव्हापासून मी त्या रस्त्याने जात नाही. आता गावागावात टेबलं मांडून डबे आणि थर्मामीटर ठेवणार, लोक येऊन फोटो काढणार, मुलं सेल्फी घेणार. कुणासाठी? ज्याचं गेलं त्याला विसरायलाही हक्क असतो. माझ्या घरी कुणी विचारायला आलं तर मी दार उघडणार नाही.

कुळागर

डिचोलीकर, राग कसला. तुमचं लिहिणं मी आमच्या सहाही जणांना वाचून दाखवलं. त्यावरून आम्ही ठरवलं की कुणाच्या घरी न बोलावता जायचं नाही. अंगणवाडीतून नुसता निरोप द्यायचा आणि थांबायचं. सभामंडपात फोन खिशातच ठेवायचा, फोटो काढू द्यायचे नाहीत. ‘मला बोलायचं नाही’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, नातेवाइकांतर्फेही नाही.

तुम्ही बोलावं असं मी म्हणणार नाही. दोन रात्री पायरीवर काढल्या एवढं लिहिलंत, ते मी विसरणार नाही.

रात्रपाळी

कुळागरताई, बोलता बोलता कुणी कोसळलं तर तुमच्यापैकी कुणीतरी ओळखीचं माणूस जवळ बसलेलं असू दे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फलकावर मोठ्या अक्षरात लावा. फुकट आहे, मराठीतही बोलतात. रेकॉर्डिंग थांबवायचं की नाही हे रडणाऱ्यालाच विचारा. काहींना थांबवलेलं आवडत नाही.

आगबोट

माझा नवरा तारवटी. २०२० मध्ये महिनोन्‌महिने जहाजावरच अडकला, ते बंदरातच लावून घेईनात. इकडे सासरे अर्धांगाने खाटेवर. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. एरवी शेजारचा मुलगा यायचा, लॉकडाऊनमध्ये तोही बंद झाला. मग नवरा व्हिडिओ कॉलवर तिकडून सांगायचा, चादर अशी दुमड, गुडघा आधी वळव, खांद्याला धर, ओढू नको. जहाजावरच्या प्रथमोपचाराच्या वर्गात तो हे शिकलेला. मी फोन खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ती सुतळी अजून गजालाच आहे.

हे तुमच्या कामात बसतं का? कोविड आमच्या घरात आलाच नाही. पण त्या वर्षाने माझी पाठ मोडली.

कुळागर

आगबोट, बसतं म्हणजे काय! नक्की बसतं. सुतळी सोडू नका, तशीच राहू दे. आम्ही येऊन खिडकीसकट फोटो काढतो, तुम्ही बोलवाल तेव्हा.

सडा_मुरगाव

एक सुचवतो. नुसत्या बायकांकडे जाऊ नका. मांगोर हिलला बंदी लागली तेव्हा मी, भाऊ आणि बाबा एका खोलीत होतो, आई गावी. बाबांना आंघोळ घालणं, कपडे बदलणं मी केलं. एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा बापाची पाठ चोळली. मित्रांत हे कधी बोललो नाही. आमच्यासारखे पुष्कळ असतील, त्यांना कुणी विचारतच नाही.

वाळपईचा

आमच्या सत्तरी तालुक्यात हे करायचं म्हटलं तर वस्तूच नाहीत. २३ जुलै २०२१ ला म्हादईचं पाणी घरांत शिरलं. औषधांच्या चिठ्ठ्या, काकीने तापाचे आकडे लिहिलेली वही, सगळं गेलं. बाळंतिणीच्या खोलीसारखी वेगळी केलेली आजीची खोलीच पडली. मातीच्या भिंती होत्या. काकीने आजीला कोविडातून वाचवलं आणि दोन महिन्यांनी पाण्यातून पाठीवर घेऊन बाहेर काढलं. आता तिला विचारलं तर ती पुराचंच सांगते, कोविडचं तिला वेगळं आठवतच नाही.

मांडवीकाठ

वाळपईकर, काकींना तोडू नका. त्यांच्यासाठी ती एकच सेवा आहे, मध्ये पाणी आलं इतकंच. तसंच रेकॉर्ड करा, पुरासकट. ‘हे आमच्या विषयात नाही’ म्हणून जे कापलं जातं त्यातच पुष्कळदा खरी गोष्ट असते.

परदेशांतही हेच अनुभवलं गेलंय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २०२० मध्येच शहरातल्या लोकांच्या मुलाखती सुरू केल्या, अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाने त्याच वर्षी मार्चमध्ये लोकांकडून फोटो, चिठ्ठ्या, आवाज मागवायला सुरुवात केली. ते साथ चालू असतानाच करत होते, आपण मागाहून करतोय. त्यामुळे आपल्याकडे आठवण थोडी गढूळ येणार. येऊ दे.

कुळागर

तीन दिवसांचं प्रदर्शन काल आटोपलं. आवाज बसलाय, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

देवस्थान समितीने पाच टेबलं आणि अग्रशाळेची, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेची, खोली दिली. काचा नाहीत, दोऱ्या नाहीत. अक्षरं मोठी काढली आणि फलक खाली लावले, बसून वाचता यावेत म्हणून. कॉलेजच्या मुलांनी क्यूआर कोड छापले होते, ते वाया गेले. सभामंडपात रेंज येत नाही आणि म्हाताऱ्यांना ते जमत नाही. शेवटी चार जुने फोन, चार हेडफोन, आणि प्रत्येकाजवळ पाचवी-सहावीतलं एक मूल, बटण दाबून द्यायला. मुलांनी ते इतक्या निष्ठेने केलं! एक मुलगी तर प्रत्येकाला आधी सांगायची, ‘आजये, हातूंत एक बायल रडटा, आयकतलीं मगो?’ आजी, यात एक बाई रडते, ऐकणार ना? कुणी नको म्हटलं की दुसरं लावायची. हे तिला आम्ही शिकवलं नव्हतं.

टेबलांवर पेजेचा टोप, दारात ठेवायचा पाट, वाफेचं यंत्र. आगबोटताईंच्या खिडकीचा फोटो. २०२० च्या चवथीची एक माटोळीची (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या आराशीची) काठी. घरची मंडळी विलगीकरणात, म्हणून शेजाऱ्यांनी ती माटोळी बांधून दारापर्यंत आणून दिली होती. आणि कॅलेंडरचं पान. ते बाईंनी स्वतः आणून टेबलावर पसरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जत्रांतून खाजं विकणारे आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ त्या पानापुढे बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, हा दिवस मला ठाऊक आहे. त्या वर्षी जत्रा नव्हत्या, त्यामुळे दुकानाचा जनरेटर ताडपत्रीखाली पडून होता. वादळाच्या दिवशी तिन्हीसांजेला त्या बाईंचा मुलगा धावत आला. रस्त्यावर माड आडवे. मग चौघांनी जनरेटर वाशाला बांधून शेतातल्या बांधावरून नेला. पेट्रोल तीन स्कूटरींतून काढलं. मुलं घरी गेली, पण हे खळ्यात, गोठ्याच्या वळचणीला सकाळपर्यंत बसून राहिले. टाकी लहान, थोड्या थोड्या वेळाने भरावी लागायची. आत गेले नाहीत. घरात आजार होता आणि यांच्या घरी नात तान्ही.

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुलग्याने जनरेटर लावला आणि तो आपोआप चालला. त्या आत सासूजवळ बसलेल्या, आणि दाराबाहेर दहा पावलांवर हे. इतकी वर्षं एकाच वाड्यावर राहून बोलणं झालेलं नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? तर तेच. ‘हांवें कितें केलें?’

दोघांना अग्रशाळेत बसवलं आणि एकत्र रेकॉर्ड केलं. बाईंनी त्यांना ती रात्र आतून सांगितली, त्यांनी बाहेरून. कितीला दिवा लुकलुकला, कितीला इंजिन अडखळलं, तेव्हा आत काय झालं, यावर त्यांचं एकमेकांना विचारणं चाललं होतं. मी एकही प्रश्न विचारला नाही.

सहा महिन्यांत आमच्याकडे अकरा रेकॉर्डिंगं झाली होती. या तीन दिवसांत एकोणीस जण आपणहून खोलीत येऊन बसले, त्यांत सात पुरुष. एका बाईंनी तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन आपला आवाज काढायला सांगितला, जावेला कळलं म्हणून. लगेच काढला, तिन्ही प्रतींमधून. डिचोलीकर, तुमच्यासाठी म्हणून सांगते : फोटो कुणी काढले नाहीत. एकाने फोन वर केला, तर त्या पाचवीतल्या मुलीनेच अडवलं.

डिचोलीकर

वाचलं. काळजी घेतलीत, बरं केलंत.

वाळपईचा

कुळागरताई, हे वाचून रात्री कपाटं उपसली. काकीचा तेव्हाचा फोन सापडला. पाण्यातून वाचला होता, कारण तो आजीच्या कनवटीला होता. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तिने मुंबईच्या आत्याला पाठवलेले आवाजी निरोप आहेत. एक ऐकला. ‘आज पेज जेवली, दोन पळ्ये.’ मागे कोंबडा आरवतोय आणि आजी खोकतेय. असे किती आहेत ते कळत नाही, कारण स्क्रीन फुटलीय, अर्धी काळी आहे आणि बोट लावलेलं कळत नाही. चार्ज मात्र होतोय. काय करू?

मांडवीकाठ

वाळपईकर, आधी कुणाला तो रिसेट करू देऊ नका, आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करायच्या भानगडीत आत्ता पडू नका. दुकानात नेलात तर ‘डेटा पुसायचा नाही’ हे लिहून द्या.

बाजारात छोटा ओटीजी अडॅप्टर मिळतो. तो फोनला लावून त्यात कॉम्प्युटरचा साधा माउस जोडा. स्क्रीनवर बाण येईल, बोटाचं काम माउस करेल. मग त्या गप्पा उघडून ‘एक्स्पोर्ट’ करा, मीडियासकट. पण त्यात सगळंच येईल असं नाही, म्हणून फोन कॉम्प्युटरला जोडून व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधलं ‘व्हॉइस नोट्स’ नावाचं अख्खं फोल्डर उचला. फाइली ओपस प्रकारच्या असतील. त्यांचं रूपांतर करत बसू नका, नावं बदलू नका. नावातच तारीख असते.

काकी आणि आत्या, दोघींनाही आधी विचारा. निरोप काकींचा आहे, पण तो आत्याला पाठवलेला आहे.

वाळपईचा

माउस घरात आहे. अडॅप्टर उद्या म्हापशाहून आणतो. काकीला विचारलं, हो म्हणाली. आत्याला सकाळी फोन लावतो, आता झोपली असेल.